झेंडा कुठे रोवायचा?

मैदान आणि न्याय : लेखांक ७

मागच्या लेखात आपण पाहिलं, की पाचव्या दिवशीची खेळपट्टी दोन्ही संघांना सारखी नसली तरी ती मुद्दाम कुणी तशी केलेली नसते. गोल्फचं तसं नाही. क्रिकेटमध्ये रोज रात्री स्टंप उपटून दुसरीकडे रोवले तर काय होईल, याची कल्पना करा. गोल्फच्या मोठ्या स्पर्धेत हे चारही दिवस घडतं. होल, म्हणजे चेंडू ज्यात घालायचा ते झेंड्याखालचं भोक, कुठे असावं हे माणसं ठरवतात आणि ते रोज हलवतात. म्हणून त्या निर्णयाचा जाब विचारता येतो, आणि विचारलाही पाहिजे.

आपल्याकडे हे बघायचं तर गुरुग्रामला जावं. डीएलएफ गोल्फ अँड कंट्री क्लबच्या गॅरी प्लेअर यांनी आखलेल्या मैदानावर २०१७ पासून हिरो इंडियन ओपन भरते. कोविडमुळे २०२० ते २०२२ ही तीन वर्षं ती झाली नाही. गुरुग्रामला येण्याच्या आदल्या वर्षी, २०१६ मध्ये, हीच स्पर्धा दिल्ली गोल्फ क्लबवर एसएसपी चौरसियांनी जिंकली होती. तिथे झाडीतल्या चिंचोळ्या वाटेवर चेंडू सरळ ठेवणं हीच खरी परीक्षा. गुरुग्रामला परीक्षा ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, पोचल्यावरही चालूच राहते. इथली ग्रीन मोठी आणि चढउतारांची आहेत. एकाच ग्रीनवर दोन-तीन वेगवेगळे टप्पे असतात आणि चेंडू चुकीच्या टप्प्यावर थांबला, की दोन पटमध्ये (ग्रीनवर चेंडू घरंगळवत मारायच्या फटक्यांत) सुटका होणं कठीण. चौरसियांनी २०१७ मध्ये इथेही विजेतेपद राखलं, सात फटक्यांच्या फरकाने.

एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. २०२४ मध्ये जपानचा केइता नाकाजिमा इथे पारपेक्षा, म्हणजे मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा, १७ फटके कमी घेऊन जिंकला. पुढच्या वर्षी स्पेनचा युजेनियो चाकारा जिंकला तो पारपेक्षा फक्त ४ फटके कमी घेऊन. मैदान तेच, मार्चअखेरचा आठवडाही जवळपास तोच. अशा दोन वर्षांत बदलू शकतात त्या गोष्टी मोजक्या : वारा, ग्रीनचा कडकपणा, त्यांचा वेग आणि होलच्या जागा. यातला फक्त वारा देवाच्या हातात आहे.

होल बदलण्याचं काम पहाटे चालतं. माळी गोल पात्याचं अवजार जमिनीत दाबून फिरवतो आणि गवतासकट मातीचा लांबट गट्टू वर काढतो. नव्या होलचा व्यास ४.२५ इंच, खोली किमान ४ इंच. निघालेला गट्टू कालच्या होलमध्ये बसवायचा, पायाने हलका दाबायचा, थोडं पाणी द्यायचं. काम नीट झालं असेल तर दुपारी कालची जागा शोधूनही सापडत नाही. जागा मात्र तो निवडत नाही, ती स्पर्धेचे अधिकारी निवडतात. नियमावलीच्या मार्गदर्शनात त्यासाठी संकेत आहेत. ग्रीनच्या काठापासून साधारण चार पावलं तरी आत यावं, होलच्या भोवतीची दोन-तीन फूट जमीन शक्यतो सपाट असावी आणि अठरा होलमध्ये अवघड, मध्यम, सोप्या जागांचा मेळ असावा.

पण ‘शक्यतो सपाट’ म्हणजे किती? इथे ग्रीनचा वेग येतो. तो मोजायला स्टिंपमीटर वापरतात : तीन फुटी अ‍ॅल्युमिनियमची पन्हळ, जिच्यावरून चेंडू ठरावीक वेगाने घरंगळत येतो. सपाट जागी तो जितके फूट जाईल तितका ग्रीनचा वेग. एडवर्ड स्टिंपसन यांना ही कल्पना सुचली ती १९३५ च्या यूएस ओपनमध्ये जीन सॅराझेनचा पट ग्रीनवरून थेट वाळूच्या खड्ड्यात, बंकरमध्ये, गेलेला पाहून. आता शंभर फुटांना तीन फूट असा साधा उतार घ्या आणि त्यावर हाच चेंडू सोडा. वेग १० असेल तर उताराकडे तो सुमारे १६ फूट जाईल, चढाकडे ७. गवत आणखी बारीक कापून वेग १३ वर नेला, तर चढाकडे ९ फुटांच्या आतच थांबेल, पण उताराकडे २६ फुटांपर्यंत जाईल. सपाट जागी वाढ तीन फुटांची, उतारावर दहा फुटांची! काल रास्त असलेली जागा आज अन्यायाची होते ती अशी. जमीन इंचभरही हललेली नसते.

१९९८ च्या यूएस ओपनमध्ये दुसऱ्या फेरीत पेन स्ट्युअर्टचा अठराव्या होलवरचा आठेक फुटांचा पट थोडक्यात चुकला आणि चेंडू हळूहळू घरंगळत सुमारे २५ फूट लांब गेला. रविवारी तो एका फटक्याने हरला. याच स्पर्धेत शिनेकॉक हिल्सच्या मैदानावर २००४ मध्ये सातव्या ग्रीनवर चेंडू थांबेचना, तेव्हा अखेर खेळ चालू असताना गटागटांच्या मध्ये पाणी मारावं लागलं. पहिल्या गटांना ते पाणी मिळालं नव्हतं, ही त्यातली खरी गैर गोष्ट.

‘होल सगळ्यांना तेच, मग तक्रार कसली?’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. मला तो मुळीच पटत नाही. शिनेकॉकलाच २०१८ मध्ये तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघालेल्या टोनी फिनाऊ आणि डॅनियल बर्गर यांनी प्रत्येकी ६६ फटके घेतले. दुपारी ग्रीन वाळली, वारा वाढला आणि चार फटक्यांनी आघाडीवर असलेल्या डस्टिन जॉन्सनला ७७ लागले. सकाळचे दोघे त्याच्या बरोबरीला आले. त्याच दिवशी फिल मिकेलसनने तेराव्या ग्रीनवर घरंगळत चाललेल्या चेंडूलाच धावत जाऊन फटका मारला. दोन फटक्यांची शिक्षा झाली आणि त्या होलवर दहा लागले. त्याचं वागणं चूकच होतं. पण काही चांगल्या फटक्यांनाही त्या दिवशी फळ मिळालं नाही, हे आयोजकांनी स्वतः मान्य केलं. होल एकच होतं, दुपारची ग्रीन वेगळी होती.

मार्चअखेरीस गुरुग्रामचं ऊन आणि कोरडा पश्चिमेचा वारा हेच करू शकतात. पहिले दोन दिवस खेळाडूंची सकाळ-दुपार अदलाबदल होते, त्यामुळे काहीसा तोल साधतो. तरी पहाटे जागा ठरवताना ती दुपारी तीनच्या ग्रीनसाठी ठरवली पाहिजे. अवघड असण्याला माझा विरोध नाही. सातव्या होलवर पारपेक्षा चार फटके जादा घालवूनही स्टीफन गॅलाकर २०१९ मध्ये इथे एका फटक्याने जिंकला. मैदानाने त्याला शिक्षा दिली, पण सावरायला जागाही ठेवली. माझी कसोटी एवढीच : चांगला पट आणि वाईट पट मारणाऱ्या दोघांचेही चेंडू घरंगळत एकाच खळग्यात जाऊन बसत असतील, तर ती जागा रद्द करावी. त्यासाठी आयोजकांनी प्रत्येक होलची सकाळची आणि दुपारची सरासरी रोज संध्याकाळी शेजारी शेजारी छापावी. एखाद्या होलवर मोठी तफावत दिसली, तर दुसऱ्या दिवशीची जागा निवडताना तो कागद अधिकाऱ्यांच्या हातात असेल.