कमी दिवसांच्या बाळाचा श्वास आणि दवाखान्यातल्या तपासण्या

मिरा रोडच्या बेव्हर्ली पार्कसारख्या भागात एखादं बाळ सातव्या-आठव्या महिन्यातच जन्मलं, की घरचे पहिला फोन नातेवाइकांना करतात आणि दुसरा ओळखीच्या कार्यकर्त्याला. प्रश्न ठरलेले असतात. बाळ मध्येच श्वास थांबवतं, मशीन सारखं वाजतं, डॉक्टर रोज नवी तपासणी सांगतात. हे सगळं खरंच लागतं का? या शेवटच्या प्रश्नामागे बिलाची भीती असते, आणि ती खोटी नसते. म्हणून फोन घेणाऱ्या तरुणांना थोडी माहिती हवीच.

आपल्या फुप्फुसांत बारीक फुगे असतात. श्वास सोडल्यावर ते चिकटू नयेत म्हणून आतून एक स्निग्ध थर असतो, त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. तो साधारण ३४-३५ आठवड्यांच्या सुमारास पुरेसा तयार होतो. त्याआधी आलेल्या बाळाला प्रत्येक श्वास नवा फुगा फुगवण्याइतका जड जातो. हे कारण १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवून दिलं, पण औषध नव्हतं. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक याच आजाराने दोन दिवसांत गेला. सत्ता, पैसा, डॉक्टर, सगळं असून! आज सर्फॅक्टंट नळीवाटे फुप्फुसात सोडता येतं, आणि सीपॅप मशीन नाकातून हवेचा हलका दाब देत राहतं.

श्वास मध्येच थांबणं ही वेगळी गोष्ट. पाच-दहा सेकंद थांबून बाळ पुन्हा भराभर श्वास घेत असेल, तर ते कमी दिवसांच्या बाळात नेहमीचं आहे. थांबा वीस सेकंदांचा झाला, किंवा ठोके मंदावले, बाळ निळसर पडलं, तर त्याला ॲप्निया म्हणतात. मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून कच्चं असतं. त्यावर कॅफीन देतात, हो, चहा-कॉफीतलंच.

पायाला लावलेला लाल दिवा रक्तातला ऑक्सिजन मोजतो. आकडा ९२ दिसला की घरचे म्हणतात, ‘शंभर करा ना.’ पण ऑक्सिजनवरच्या अशा बाळाचा आकडा साधारण ९० ते ९५ मध्येच ठेवतात, कारण जास्तीचा ऑक्सिजन डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या बिघडवतो.

म्हणूनच आम्ही एका तपासणीचा आग्रह धरतो: डोळ्यांच्या पडद्याची. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची ती जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. २८ आठवड्यांआधीच्या किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाची दोन-तीन आठवड्यांतच. तोवर बाळ घरी गेलेलं असतं, डोळे वरून छान दिसतात, आणि तारीख निघून जाते. डिस्चार्ज कार्डावर ती तारीख लिहून घ्या. बाकी टाळूवरून होणारी डोक्याची सोनोग्राफी दुखत नाही, तिच्यात किरणांचा धोका नाही. हृदयाचा इको जन्मानंतर मिटायला हवी ती रक्तवाहिनी मिटली का ते पाहतो. कानाची तपासणीही घरी जाण्याआधी विचारून घ्यावी.

घरी आल्यावर शांत झोपलेल्या बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. साठच्या वर गेले, छाती आत ओढली जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, बाळ कण्हत असेल किंवा ओठ निळे दिसले, तर सकाळची वाट न पाहता निघा.

पैशाचं म्हणाल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात आजारी बाळाला एक वर्षापर्यंत तपासण्या, औषधं, रक्त आणि वाहतूक मोफत आहे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड आधीच काढून ठेवा.

आणि कळा ३४ आठवड्यांआधी सुरू झाल्या, तर नवजात अतिदक्षता कक्ष असलेल्या ठिकाणीच बाईला न्या. तिथे बाळाची फुप्फुसं पिकावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देता येतात. जन्मानंतर दहिसर चेकनाक्याच्या गर्दीतून बाळाला हलवण्यापेक्षा, ते पोटात असतानाच तो रस्ता पार केलेला बरा.