स्टेपनीचं ओझं कुणी वाहायचं?

२२ सप्टेंबर २०२५ ला गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पाठोपाठ ऑक्टोबरच्या सुरुवातीला थारची नवी आवृत्ती आली, मग दिवाळी. भोसरीतल्या ज्या फॅब्रिकेटरकडे मी गाडीची कामं करून घेतो, त्यांच्या शेडमध्ये तेव्हा उभं राहायला जागा नव्हती. थार, जिम्नी, गुरखा अशा सगळ्या गाड्या पाठ करून उभ्या होत्या, कारण बहुतेकांना मागचा बंपर बदलायचा होता. करापूर्वी ४० हजारांचा बंपर आधी ५१,२०० रुपयांना पडायचा, आता ४७,२०० ला पडतो. वाचलेल्या चार हजारांतून सगळ्यात आधी रिकव्हरी स्ट्रॅप (रुतलेली गाडी ओढायचा पट्टा) आणि शॅकल घ्या. बंपरचं त्यानंतर बघू.

मागचा बंपर बदलण्याची कारणं साधारण तीन सांगतात. पहिलं, चढावरून खाली उतरताना किंवा नाला ओलांडताना बंपरचं प्लास्टिक घासतं आणि कोपरे तुटतात. हे खरं आहे, पण थारचा मागचा सुटकेचा कोन (डिपार्चर अँगल) मुळातच ३७ अंशांच्या आसपास आहे आणि जिम्नीचा त्याहून बराच मोठा. मुळशी-ताम्हिणीच्या वाटांवर महिन्यातून एकदा जाणाऱ्याला हे कारण फारसं लागू होत नाही. दुसरं, रुतलेली गाडी मागून ओढायला आणि जॅक लावायला भक्कम जागा हवी. हे कारण सगळ्यात खरं आहे आणि गिऱ्हाईक तेच सगळ्यात शेवटी विचारतं. तिसरं, मोठे टायर घातले की स्टेपनीही मोठी होते आणि ती दारावर लटकवायची की नाही, हा प्रश्न येतो. मला या तिसऱ्याबद्दल जास्त बोलायचं आहे, कारण नुकसान तिथे हळूहळू होतं आणि लक्षात येतं तेव्हा उशीर झालेला असतो.

स्टेपनी हा शब्द आपल्याकडे वेल्समधल्या एका रस्त्यावरून आला. लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये जादा चाक विकायला सुरुवात केली. नाव खुद्द ब्रिटनमध्ये जवळजवळ विसरलं गेलं, आपल्या गॅरेजांत मात्र ते रोज घेतलं जातं. युद्धकाळातल्या विलीज जीपनं हे चाक पाठीवर घेतलं आणि तेव्हापासून पाठीवरचं चाक म्हणजे रांगडी गाडी, असं समीकरण झालं. आजच्या अशा गाड्यांत ते चाक बाजूला उघडणाऱ्या दारावर असतं. कंपनीनं त्या दाराच्या बिजागऱ्या कंपनीच्याच चाकाचा हिशेब धरून बसवलेल्या असतात.

तो हिशेब आपण मोडतो. २५५/६५ आर १८ हा टायर उभा साधारण ७८९ मिलिमीटरचा. त्या जागी २८५/७० आर १७ घातला की उंची ८३१ होते. फरक जेमतेम ४२ मिलिमीटर, पण जाड दातांचा मड-टेरेन टायर लोखंडी रिमवर चढला की ३० किलोच्या आसपासचं चाक सहज ४० च्या पुढे जातं. त्यातून मोठं चाक खाली बंपरला टेकतं म्हणून लोक मधे स्पेसर घालतात, आणि चाक दारापासून आणखी मागे सरकतं. वजनही वाढलं आणि ते लटकतंय तो हातही लांबला.

माझ्या आधीच्या गाडीवर मी हेच केलं होतं. चार महिने काही जाणवलं नाही. मग दार लावताना ते आधी किंचित वर उचलून मग ढकलावं लागू लागलं. बायकोनं एकदा विचारलंही, की दार का अडतंय? मी बिजागरीत तेल सोडलं. पावसाळा संपता संपता गाडी धुताना खालच्या बिजागरीजवळ पत्र्यावर केसाएवढी रेघ दिसली. बोट फिरवलं तर नखाला लागली. रंग उडाला असेल असं वाटलं होतं, पण पत्राच चिरला होता. दुरुस्तीला दार उतरवावं लागलं, आतलं अस्तर काढून पट्टी मारावी लागली आणि दार पुन्हा पहिल्यासारखं कधी बसलं नाही.

म्हणूनच बंपरवर बसणारा वेगळा टायर कॅरियर हा उपाय मला पटतो. चाक दारावरून उतरतं आणि बंपरच्या एका टोकाला उभ्या पिनवर फिरणाऱ्या लोखंडी हातावर चढतं. दार हलकं होतं. पण ओझं संपत नाही, फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी जातं. ४० किलोचं चाक पिनेपासून पाऊण मीटर लांब असेल तर पिनेवर ३० किलो-मीटरचा वाकवणारा जोर येतो. दाराच्या दोन बिजागऱ्यांमध्ये बऱ्यापैकी अंतर असतं, बंपरच्या पिनेतल्या दोन बेअरिंगांत मात्र बहुधा १२ सेंटिमीटर. हात उघडून नुसता धरला, गाडी जागची हललीही नाही, तरी प्रत्येक बेअरिंगवर २५० किलोचा आडवा दाब. त्यात त्या हाताचं स्वतःचं वजन धरलेलंच नाही.

इथे आमचे भोसरीचे ते फॅब्रिकेटर मामा काय बघतात ते सांगण्यासारखं आहे. गिऱ्हाईक तयार बंपर घेऊन आलं की ते रंगाकडे बघत नाहीत. कॅरियरचा हात पूर्ण उघडतात, चाकाच्या जागी स्वतः एक पाय देऊन भार टाकतात आणि मान वाकवून पिनेच्या बुडाशी बघत राहतात. तिथे हललेलं दिसलं तर माल परत. मग बोटानं चाचपून ग्रीस निपल शोधतात. नुसती पितळी किंवा नायलॉनची बुश असेल तर दोन पावसाळ्यांत ती ढिली पडते, असं त्यांचं म्हणणं. ट्रेलरच्या हबसारखी निमुळती रोलर बेअरिंगं आणि वर-खाली सील असेल तर ते मान डोलावतात. शेवटी हात बंद करून मोकळ्या टोकाखाली बोट सरकवतात. बोट गेलं तर कॅरियर चुकीचा. बंद झालेला हात उतरत्या पाचरीवर चढून टेकला पाहिजे, म्हणजे निम्मं ओझं बंपर घेतो. नुसत्या चिमट्यानं खेचून धरलेला हात प्रत्येक खड्ड्यात पिनेवर घाव घालतो. आधी त्याची खडखड ऐकू येते, मग पीन ढिली होते.

आणखी एक गोष्ट ते हटकून करून बघतात. गाडी उतारावर उभी करून हात उघडतात आणि सोडून देतात. उघडा हात जागच्या जागी अडकवणारी पीन किंवा खाच नसेल तर तो गरकन परत येतो, आणि नेमकं तिथेच डिकीत कुणीतरी वाकलेलं असतं. साठ-सत्तर किलोचं लोखंड आणि रबर बोटांवर आलं तर काय होतं, ते त्यांच्या शेडमधल्या एका कारागिराच्या हातावर मी बघितलं आहे. तीन-चारशे रुपयांच्या पिनेचा प्रश्न आहे, तिच्यावाचून कॅरियर घेऊच नका.

आता ओढण्याची जागा. दोन्ही बाजूंना शॅकलसाठी कान दिसतात, ते कशाला जोडले आहेत ते खाली आडवं होऊन बघा. कान बंपरच्या पत्र्यावर वेल्ड केलेला असेल तर ती शोभा आहे. तो पत्रा छेदून मागे जाड पट्टीत गेला पाहिजे, दोन्ही बाजूंनी वेल्ड हवा आणि ती पट्टी चॅसिसच्या लांब कण्याला बोल्टनं बांधलेली हवी. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा नसेल तर ते बोल्ट बदला. वेल्डवर पुट्टी मारून गुळगुळीत केलेलं काम मी घेत नाही. चांगल्या वेल्डला लपण्याचं कारण नसतं. पाऊण इंची शॅकलवर ४.७५ टन असं कोरलेलं असतं. चाकं निम्मी चिखलात बुडाली की पावणेदोन टनांच्या गाडीला तिच्या वजनाइतका जोर लागू शकतो, आणि ताणला जाणारा दोर झटका देतो तेव्हा त्याहून जास्त. ट्रेलर ओढायच्या गोल बॉलला दोर अडकवून रुतलेली गाडी कधीही ओढू नका. तो तुटून गोळीसारखा सुटतो. ऑस्ट्रेलियात अशा अपघातांत माणसं गेली आहेत.

शेडमध्ये सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न असतो, किती एमएम? जितका जाड पत्रा तितका बंपर चांगला, अशी समजूत पक्की झाली आहे. तीन मिलिमीटर पत्र्याचा एक चौरस मीटर साडेतेवीस किलो भरतो, पाच मिलिमीटरचा ३९ किलो. दीड चौरस मीटर पत्रा लागला तर हाच फरक ३५ आणि ५९ किलो असा होतो. शिवाय फिरणारा हात, मोठं चाक आणि डिझेलचा २० लिटरचा कॅन. हे सगळं मागच्या आसाच्याही मागे लटकतं. थारच्या दोन आसांतलं अंतर २,४५० मिलिमीटर. मागच्या आसाच्या पाऊण मीटर मागे ५० किलो टाकले तर मागच्या चाकांवर ६५ किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे १५ किलो कमी होतात. शंभर टाकले तर १३० आणि ३०. पुढची चाकं हलकी झाली की ओल्या चढावर स्टिअरिंगला पकड राहत नाही, म्हणजे जिथे जायला हा सगळा खर्च केला तिथेच गाडी कमी पडते. तीन मिलिमीटर पत्रा आणि ताण येतो तेवढ्याच जागी जाड पट्ट्या, हे मला योग्य वाटतं.

कायद्याचा मुद्दा टाळून चालणार नाही. २०१७ च्या डिसेंबरात केंद्रानं राज्यांना क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलं तेव्हा रोख मुख्यतः पुढच्या बाजूवर होता. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मात्र गाडीच्या पुढच्या-मागच्यात भेद करत नाही. नोंदणीत उत्पादकानं दिलेल्या तपशिलाशी गाडी विसंगत होता कामा नये, असं ते सांगतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ठामपणे उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२ए आणलं. त्यात परवानगी नसलेल्या बदलाबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून बसवण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत, तेव्हा त्यांची भोकं नसलेला बंपर दुकानातच ठेवा. नंबरप्लेट मूळ बंपरवर असेल तर तिचे स्नॅप-लॉक काढताना तुटतात, ते अधिकृत केंद्रातून पुन्हा बसवण्याचं आधी ठरवा. दिवे, रिफ्लेक्टर आणि तिसरा ब्रेक लाइट नव्या चाकामागे झाकला जातोय का, ते वीस पावलं मागे जाऊन बघा.

आणि कोपरे. पुण्यात सिग्नलला गाडीच्या मागे चार दुचाक्या टेकलेल्या असतात. बंपरचा टोकदार कोपरा आणि लोंबणारं शॅकल नेमकं त्या माणसांच्या गुडघ्याच्या उंचीवर येतं. प्लास्टिकचा बंपर दबतो, हा लोखंडी दबत नाही. गोलाई दिलेले कोपरे मागा आणि गावात शॅकल काढून डिकीत ठेवा. यात मी कुणाचीही आवडनिवड मानायला तयार नाही.

कोकणात नेहमी जाणाऱ्यांनी पोकळ नळ्यांच्या बुडाला पाणी निथळायची भोकं आहेत का ते बघावं, आणि पावडर कोटिंगच्या खाली झिंकचा थर मागून घ्यावा. अलिबाग-दिवेआगरच्या खाऱ्या हवेत नळी आतून गंजते आणि बाहेरचा काळा रंग वर्षभर तसाच तुकतुकीत राहतो.

माझ्या आताच्या गाडीला मामांनी बंपर बसवला तेव्हा प्रत्येक बोल्ट आवळून झाल्यावर डोक्यापासून पट्टीपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली. पाचशे किलोमीटर झाले की खाली आडवं होऊन बघा, म्हणाले. ताम्हिणीतून कोलाडला जाऊन आलो आणि पार्किंगमध्ये चटई टाकून टॉर्च मारला. आठपैकी सहा रेघा सरळ होत्या. डाव्या बाजूच्या दोन तुटल्या होत्या, एक जवळजवळ पाव फेरा सरकली होती. पाना घेतला, दोन्ही आवळले, जुनी रेघ खरवडून काढली आणि नवी ओढली.