वहीच्या शेवटच्या पानावरची कविता

आमच्या तालुक्याच्या गावातले सार्वजनिक वाचनालय जुने आहे. मोहल्ल्यातले पुरुष तिथे वर्तमानपत्र चाळायला जातात. बायका-मुली मात्र क्वचितच त्याची पायरी चढतात. गेल्या महिन्यात तिथे एका कवीचे काव्यवाचन ठरले. कवी मुसलमान, गझल मराठी. आम्ही शाळेतल्या मुलींना त्यांच्या अम्मी आणि दादींसह आग्रहाने घेऊन गेलो. वेळ असरनंतरची ठेवली, म्हणजे मगरिबपर्यंत सगळ्या घरी पोहोचतील.

कवींनी आधी गझल समजावून सांगितली. पहिला शेर म्हणजे मतला. ओळीच्या शेवटी पुन्हा पुन्हा येतो तो रदीफ, त्याच्या आधीचे यमक म्हणजे काफिया. शेवटच्या शेरात, म्हणजे मक्त्यात, कवी आपले तखल्लुस गुंफतो. हे आपल्या मातीला परके नाही, हे त्यांनी दाखवून दिले. वली आणि सिराज हे थोर शायर औरंगाबादचे. १९२५ साली फार्शी-मराठी कोश देणाऱ्या माधव जूलियनांनी १९३३ मध्ये ‘गज्जलांजली’ दिली. पुढे सुरेश भटांनी मराठी गझल घराघरांत नेली. बार्शीच्या अमर शेखांनी तर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदाने दणाणून सोडली. शाई, कागद, दप्तर, हजेरी हे आमचे शाळेतले रोजचे शब्दही फार्सी-अरबीतून मराठीत आलेले!

मागच्या रांगेतून एका दादींनी विचारले, “बेटा, घर में दखनी बोलते, दुआ उर्दू में मांगते, फिर शायरी मराठी में कायकू?”

कवी हसले. म्हणाले, “अम्मा, शेर ऐकायला मला उर्दूने शिकवलं आणि बोलायला मराठीने. दोघींपैकी कुणाला घराबाहेर काढू?”

शेवटी त्यांनी विचारले, कुणी लिहितं का? बराच वेळ कुणी हलले नाही. मग आमची नववीतली एक मुलगी वही घेऊन उभी राहिली. आवाज कापत होता. कविता तिच्या अम्मीवर होती. रात्री अम्मी शिलाई मशीन चालवते आणि त्याच दिव्याच्या उजेडात मुलगी अभ्यास करते, एवढेच त्यात होते. कवी एकदम म्हणाले, “मुकर्रर!” मुलगी गोंधळली. त्याच दादींनी तिला सांगितले, “फिर से पढ़, बेटी.” तिने पुन्हा वाचली. तिची अम्मी ओढणीच्या टोकाने डोळे पुसत होती.

आमची मान मात्र खाली गेली. ती वही आम्ही तीन वर्षे तपासत होतो. शेवटच्या पानावरच्या त्या ओळी आम्ही पाहिल्या होत्या आणि खाली लाल शाईने शेरा मारला होता : ‘वही स्वच्छ ठेवावी.’

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही तिची माफी मागितली. आता दर शनिवारी शेवटचा तास मुलांच्या स्वतःच्या लिखाणाचा असतो. त्या मायलेकी दोघीही वाचनालयाच्या सभासद झाल्या आहेत.

वाचकहो, आज आपल्या मुला-मुलींच्या वहीचे शेवटचे पान उलटून पाहा. तिथे चार ओळी सापडल्या तर रागावू नका. जवळ बसवून वाचायला सांगा आणि वाचून झाले, की म्हणा, “मुकर्रर!”