एकाच नावाच्या दोन फायली : पुसाव्यात की राहू द्याव्यात?

पुण्याच्या नारायण पेठेत, केसरीवाड्याच्या परिसरात, छपाई आणि अक्षरजुळणीची परंपरा जुनी असून, पुण्यातच विकसित झालेल्या श्रीलिपी या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरच्या एखाद्या जुन्या आवृत्तीत वर्षानुवर्षांचा मजकूर साठलेला असल्यामुळे डीटीपीच्या व्यवसायात विंडोज ७ चा संगणक सहजासहजी मोडीत निघत नाही. त्याची सी ड्राइव्ह भरली की दुहेरी फायली शोधणारे एखादे सॉफ्टवेअर चालवले जाते आणि त्याने दाखवलेली भली मोठी यादी सरसकट पुसण्याचा मोह होतो.

तो टाळावा. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये सिस्टम३२ या फोल्डरात ६४ बिटांच्या, तर सिसवॉव६४ मध्ये ३२ बिटांच्या प्रणालींना लागणाऱ्या फायली असतात (नावे नेमकी उलटी का वाटावीत, हे मायक्रोसॉफ्टच जाणे). त्यांची नावे सारखी असली तरी आशय वेगळा असतो. विनएसएक्सएस या फोल्डरातील अनेक फायली तर ‘हार्ड लिंक’ असतात, म्हणजे डिस्कवर माहिती एकदाच लिहिलेली असून तिला नावे मात्र दोन असतात, त्यामुळे एक नाव पुसल्याने जागा मुळीच सुटत नाही, उलट पुढील दुरुस्ती अडून बसते.

विंडोज ७ च्या ‘डिस्क क्लीनअप’मध्ये २०१३ साली जुन्या अपडेटचे अवशेष काढण्याची सोय आली, तीच वापरावी, मात्र त्यानंतर ते अपडेट मागे घेता येत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. खरी अडगळ बहुधा ‘दिवाळी अंक अंतिम’, ‘अंतिम २’ आणि ‘अगदी अंतिम’ अशा फोल्डरांतच सापडते.