मारातला चित्ता, उसातला बिबट्या

दिवाळीनंतर सुरतेतल्या ओळखीच्या घरांत केनियातल्या मसाई माराचे फोटो फिरू लागतात. जीपच्या सावलीत खुशाल पसरलेली सिंहीण त्यात असतेच. ती माणसाळलेली नसते. भक्ष्यही नाही आणि त्रासही देत नाही, असा एक ठोकळा, एवढीच तिच्या लेखी त्या गाडीची किंमत. कोणी पाय खाली टाकला की तिला त्यातला माणूस वेगळा दिसतो. म्हणून गाडीतून उतरायचे नाही, हा नियम सगळे पाळतात. एका प्राण्याभोवती एका वेळी पाचच गाड्या, हा नियम मात्र जुलै ते ऑक्टोबरच्या गर्दीत सर्रास मोडतो.

त्याची झळ चित्त्याला बसते. तो दिवसा शिकार करतो, म्हणजे नेमका फोटोच्या उजेडात. मारातल्या चित्त्यांचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यटकांची वर्दळ असलेल्या भागात एका वेतातली सरासरी 0.2 पिल्ले जगून मोठी झाली, तुरळक वर्दळीच्या भागात 2.3. लाखमोलाची लेन्स घेऊन जाणाऱ्याने आधी हे आकडे वाचावेत, असे मला वाटते.

सुरत जिल्ह्यातल्या शिकारी प्राण्याचे गणित उलटे आहे. काकरापारच्या आणि 1972 मध्ये पुऱ्या झालेल्या उकाई धरणाच्या कालव्यांनी बारडोली, मांडवी, महुवा पट्ट्यात ऊस आणला. वर्षभर उभे राहणारे, पाणी असलेले, रानडुकरे आणि कुत्री आयती पुरवणारे हे दाट रान बिबट्याने आपलेसे केले. गुजरातभर 2016 मध्ये 1,395 बिबटे मोजले गेले, 2023 मध्ये 2,274.

इथे जीप कामाची नाही. बिबट्या रात्री फिरतो आणि माणसाची चाहूल लागताच उसात शिरतो. त्यामुळे त्याचा फोटो माणूस नसतानाच निघतो. बांधावर गुडघाभर उंचीला लावलेला कॅमेरा अंगाची ऊब आणि हालचाल टिपून आपोआप उघडतो. बिबट्याच्या दोन कुशींवरचे ठिपके सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात. त्या ठिपक्यांवरूनच एकेक बिबट्या ओळखतात. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या चमूने नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात याच पद्धतीने मोजदाद केली, तेव्हा भरवस्तीच्या शेतशिवारात 100 चौरस किलोमीटरमागे पाचेक प्रौढ बिबटे निघाले.

मोबाइल उंचावून बिबट्याला घेरणारा घोळका मात्र धोका ओढवून घेतो. पळायची वाट बुजली की बिबट्या माणसावर येतो.

तोडणीच्या हंगामात पाचटात पिल्ले सापडतात. ती बहुधा सापडतात नंदुरबार, धुळे, डांगकडून आलेल्या कोयत्यांना, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्यांना. जुन्नर-नाशिकपासून दक्षिण गुजरातपर्यंत वन कर्मचाऱ्यांची रीत एकच: पिल्ले तपासायची, अंधार पडता पडता त्याच जागी क्रेटमध्ये ठेवायची, कॅमेरा लावून लांब जायचे. बहुतेक वेळा आई येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. ती चित्रफीत मग सगळीकडे फिरते. पण मादी येईपर्यंत तो फड राखून ठेवावा लागतो, आणि टोळीची मजुरी टनावर ठरलेली असते. मुकादम टोळीला दुसऱ्या फडात नेतो, ट्रक भरायचा तो त्याच दिवशी. रात्री पडावावर ताडपत्रीच्या झोपडीत हीच माणसे लेकरांना मधे घेऊन झोपतात, उसापासून हाकेच्या अंतरावर.