इंग्रजी वाक्प्रचारांतील बाजारपेठ

कोणत्याही समाजाचा नित्याचा व्यवहार त्याच्या भाषेत उमटल्यावाचून राहत नाही. इंग्रजांची भरभराट बव्हंशी व्यापारावर झाली. म्हणून त्यांच्या बोलण्यात बाजारातील वाक्प्रचार जागोजाग आढळतात. ते नुसते पाठ करून भागत नाही. कोणत्या प्रसंगातून ते निघाले हे कळले, म्हणजे त्यांचा अर्थ मनात पक्का ठसतो.

‘बेकर्स डझन’ म्हणजे बारा नव्हे, तेरा. इंग्लंडात १३ व्या शतकापासून पावाचे वजन कायद्याने ठरविलेले असे. ते कमी भरल्यास पाववाल्यास दंड होई. प्रसंगी भर चौकात खोड्यात अडकून राहावे लागे. हाताने केलेले पाव थोडेफार कमीजास्त भरणारच. तेव्हा डझनामागे एक पाव वर घालण्याची चाल पडली, असा या शब्दांचा उगम सांगतात.

‘पिग इन अ पोक’ यातील ‘पोक’ म्हणजे पिशवी. पिशवीचे तोंड न उघडताच आतील डुकराच्या पिलाचे पैसे मोजणारे गिऱ्हाईक फसले, तर दोष कोणाचा? माल न पाहता केलेल्या सौद्यास हे शब्द लावतात. ‘पाण्यात म्हैस आणि वर मोल’ ही आपली म्हण हेच सांगते.

‘हॉब्सन्स चॉइस’ची कथा केंब्रिजची. तेथे टॉमस हॉब्सन (१५४४–१६३१) हा भाड्याने घोडे देत असे. जो तो उत्तम घोडाच मागे. त्यामुळे तेच घोडे राबून थकत. मग त्याने नियम केला : दाराजवळचा घोडा घ्यावा, नाही तर पायी जावे. आज या शब्दांचा अर्थ ‘नावापुरती निवड’ एवढाच उरला आहे. मूळ नियमाने मात्र मुक्या जनावरांना पाळीपाळीने विसावा मिळत होता.

‘ॲसिड टेस्ट’ ही सोन्याची परीक्षा. नायट्रिक ॲसिडात हलके धातू विरघळतात, शुद्ध सोने तसेच राहते. आपला सराफ सोने कसोटीच्या दगडावर घासतो, आणि आपणही माणूस ‘कसाला उतरला’ असे म्हणतो.

वजन पुरे असावे, माल पाहून घ्यावा, पाळी मोडू नये, खरेखोटे पारखावे, हीच कोणत्याही बाजारातील सचोटीची शिकवण या शब्दांत साठविलेली आहे. विद्यार्थिमित्रहो, यांचे शब्दशः भाषांतर केल्यास हसे होईल. नवा इंग्रजी वाक्प्रचार भेटला, की त्याचा उगम विचारावा आणि त्याच अनुभवातून निघालेली आपली म्हण शोधावी. त्यायोगे दोन्ही भाषा पक्क्या होतील.