मतपेटी आणि सूतिकागृह : लेखांक सहावा

आमच्या कारापूर-सर्वणच्या बाजूस देवाला कौल लावणाऱ्या माणसाला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही : पाकळी उजवीकडची पडेल किंवा डावीकडची, तिसरी दिशा तिला नाही, म्हणून देवापुढे मांडावयाचा प्रश्न एकेरी असला पाहिजे, कारण एका वाक्यात दोन प्रश्न गुंफले की पडलेल्या पाकळीचा अर्थ ज्याला जसा हवा तसा तो लावतो. १६ जानेवारी १९६७ रोजी, संसदेने खास केलेल्या कायद्यान्वये, गोव्याने फूल आणि दोन पाने या निशाण्यांतून एक निवडून महाराष्ट्रात विलीन व्हावयाचे की संघप्रदेश म्हणून राहावयाचे याचा निवाडा केला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. माझ्या तालुक्यातील कित्येकांना तो निकाल फार लागला, तरी प्रश्न काय होता याविषयी कोणाचीच तक्रार नव्हती.

गर्भपात आणि नवजात अर्भकाची शुश्रूषा या विषयाला हाच निकष लावून पाहू. अमेरिकेच्या मोंटाना राज्याने ८ नोव्हेंबर २०२२ रोजी असाच एक कौल लावला. तेथील विधिमंडळाने मतदारांपुढे ठेवलेल्या मसुद्याचा आशय असा, की गर्भपाताच्या प्रयत्नानंतर असो वा अन्य कोणत्याही प्रसूतीत असो, जे अर्भक जिवंत जन्मास येईल ते कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती होय. त्याचा जीव राखण्यासाठी उचित व वाजवी ते सर्व वैद्यकीय उपाय योजणे डॉक्टर-परिचारिकांवर बंधनकारक राहील. आणि त्यात कसूर करणाऱ्यास ५०,००० डॉलरपर्यंत दंड व २० वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल. प्रथमदर्शनी कोणाही सहृदय माणसाने होकार द्यावा असाच हा मसुदा दिसतो, आणि त्याच्या पुरस्कर्त्यांची भूतदया खोटी मानण्याचे मला कारण दिसत नाही. श्वास घेणारे मूल कोणत्या वाटेने जगात आले यावरून ते उपेक्षेस पात्र ठरू नये, ही त्यांची भूमिका माझीही आहे.

परंतु जिवंत जन्मलेल्या मुलाला ठार मारणे हा त्या देशात आधीपासूनच गुन्हा होता. नव्या मसुद्याने जो प्रश्न त्यात गुंफला तो निराळाच होता : ज्याची फुप्फुसे वा मेंदू गर्भातच घडले नाहीत, जे घटकाभरच जगणार हे आई, बाप, डॉक्टर सर्वांना ठाऊक आहे, त्या मुलाला आईने उराशी धरून निरोप द्यावा, की कैदेच्या धास्तीने डॉक्टरांनी ते तिच्या हातून काढून नळ्या-यंत्रांच्या स्वाधीन करावे? तेथील डॉक्टरांच्या संघटनेने आणि अशा मुलांच्या आईबापांनी हा प्रश्न लोकांपुढे मांडला, आणि बावन्न टक्क्यांहून अधिक मतदारांनी मसुदा नाकारला. (ज्यांचा अंमल गोव्यावर साडेचारशे वर्षे होता त्या पोर्तुगालनेही गर्भपातावर १९९८ व २००७ असे दोनदा सार्वमत घेतले, पहिल्यात नकार आला, दुसऱ्यात होकार, आणि दोन्ही वेळा निम्म्याहून अधिक मतदार घरीच राहिले. इतक्या खाजगी दुःखावर शिक्का मारावयास माणूस कचरतो, असा मी त्याचा अर्थ घेतो.)

आपल्या राज्यघटनेत असल्या कौलाची तरतूद नाही. शांतिलाल शहा समितीच्या अहवालावरून गर्भपाताविषयीचा १९७१ चा कायदा झाला तो संसदेत, आणि २०२१ मध्ये विशिष्ट स्त्रियांसाठी मुदत वीस आठवड्यांवरून चोवीसांवर गेली तीही संसदेतच. मात्र गर्भपाताच्या प्रयत्नातून मूल जिवंत जन्मले तर त्याचे काय, याविषयी मूळ कायदा मुका होता. आणि ज्याच्या अधिकारक्षेत्रात गोवाही येतो त्या मुंबई उच्च न्यायालयापुढे हा प्रश्न आला, तेव्हा न्या. अभय ओक व न्या. महेश सोनक यांनी ३ एप्रिल २०१९ रोजी त्याचे जे उत्तर दिले ते मला मोंटानाच्या मसुद्याहून पुष्कळ अधिक समंजस वाटते. असे मूल जन्मले तर त्या परिस्थितीत उपलब्ध असलेले उत्तमोत्तम उपचार त्याला मिळतील याची पूर्ण जबाबदारी डॉक्टरने व रुग्णालयाने घ्यावी. आणि आईबाप त्याला सांभाळावयास राजी नसतील किंवा समर्थ नसतील, तर शासनाने त्याचे पालकत्व पत्करावे, असा तो निर्णय.

यातील ‘त्या परिस्थितीत’ या शब्दांकडे वाचकांनी लक्ष द्यावे. चोवीस आठवड्यांच्या अर्भकाचे वजन जेमतेम सहा-सातशे ग्रॅम असते आणि त्याच्या फुप्फुसांची पुरती घडण व्हावयास आणखी दहा-एक आठवडे लागावयाचे असतात. ते जगवावयाचे तर उबपेटी, श्वासयंत्र आणि कित्येक आठवड्यांची अहोरात्र देखरेख हवी. आमच्या आजीच्या काळी वैजीण मुकाट जन्मलेल्या पोराची पाठ चोळी, तळव्यांवर टिचक्या मारी, आणि आपल्या हाताशी असलेले सारे करून मगच पदर डोळ्यांना लावी. न्यायालय आजच्या डॉक्टरकडे याहून निराळे काही मागत नाही. डिचोलीच्या सरकारी आरोग्यकेंद्रात जे शक्य नाही ते बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) शक्य असेल, तर मुलाला तेथवर नेण्याचे ओझे आता एकट्या आईच्या शिरावर नाही.

तथापि शासनाने पालकत्व घ्यावयाचे म्हणजे प्रत्यक्षात कोणी, कोणत्या दप्तरी? मूल सुपूर्द करणाऱ्या आईबापांना २०१५ च्या बालन्याय कायद्याने फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत दिली आहे. त्या दोन महिन्यांविषयी, आणि बालकल्याण समितीपासून दत्तकविधानापर्यंतच्या वाटेविषयी, पुढील आठवड्यात.